पंधरा नंबरच्या नावापुढे

आमच्यात एक नंबर कुणालाच नव्हता.
बनियनवरचे आकडे चारपासून सुरू व्हायचे,
झोपे सर म्हणत, नियमच तसा आहे जुना.
शेवटचा पंधरा, तो माझा.
मधले पाच आकडे पेटीत, डांबरगोळ्यांसोबत,
कारण पोरंच सात.

सावद्याचं कॉलेज. सिमेंटचं मैदान.
एका रिंगमागे सातपुडा, दुसऱ्या रिंगमागे केळीची वखार.
जाळी नव्हती.
लीलाधर सरोदेने बापाच्या बागेतून
घड झाकायची निळी पिशवी आणली,
बूड कापलं, सुतळीने बांधली.
चेंडू आत गेला की ती फडफडायची,
कोंबडी हाकलल्यासारखी.
खऱ्या जाळीचा सळ्ळकन आवाज
आम्ही पहिल्यांदा ऐकला तो भुसावळला,
आणि तिथेच अर्धे हरलो.

रुबाब तडवी, सहा फूट दोन,
रात्री ट्रकमध्ये घड भरायचा
आणि सकाळी सहाला सरावाला हजर.
चिकाचे डाग धुतल्याने जात नाहीत.
ऑगस्टात त्याचा सात नंबर पांढराशुभ्र होता,
कांदेबागेची लावण होईस्तोवर
सात की एक
हे बघायला पंचाला जवळ यावं लागायचं.
असा एक नंबर तेवढा आम्हाला मिळाला.

फैजपूरकडून वीसने हरलो.
फैजपूरला सहाने हरवलं.
यावलचा संघ आलाच नाही, तो सामना आमचा,
तरी आम्ही तासभर आपापसांत खेळलो,
घातलेले बूट वाया जाऊ नयेत म्हणून.

बूट.
गुमान बारेला पालहून आलेला, डोंगरातला,
सरावाला अनवाणी पळायचा
आणि आम्ही बूट घालून त्याच्या मागे.
सामन्यात अनवाणी चालत नाही.
म्हणून माझे त्याला.
मी बाकावर, चपलेत,
गुण मोजत, पाण्याच्या बाटल्या भरत.
कुणी सांगितलं नव्हतं.
पण वर्गणीतून घेतलेला चेंडू
चांगल्या हाताकडे जावा असं वाटतं,
तसंच बुटांचं.

अंतिम सामना भुसावळलाच.
नाना कोळीचा घोटा गेला, हेमकांत आत.
पन्नास-पन्नास. एक मिनिट चाळीस सेकंद.
शिट्टी वाजली, पंचाने पाच बोटं दाखवली
आणि गुमान बाहेर.
झोपे सरांनी बाकाकडे पाहिलं.
बाकावर मी, आणि घोट्याला बर्फ लावून नाना.

गुमान खाली बसला, नाडे सोडले,
"घाल भो. तुझेच आहेत."
बूट गरम होते, आतून ओले.
पाय घालताना एवढंच आठवलं
की तीन महिन्यांत मी त्यांच्यात उभा नव्हतो.

मग त्यांचा एक लांब केसांचा पोऱ्या
माझ्या डावीकडून सुटला.
मी त्याचा हात धरला.
अडवला नाही, धरला,
बस सुटताना दांडा धरतात तसा.
त्याने दोन्ही फ्री थ्रो घातले.
सळ्ळकन. सळ्ळकन.

परतीला शेवभाजी खाल्ली, सरांनी पैसे दिले.
कुणी मला काही म्हटलं नाही,
लीलाधरने तर्री वाढली तेवढी,
न विचारता, दोनदा.
रुबाब वखारीपाशी उतरला,
दिल्लीचा ट्रक उभा होता.
बनियन न बदलताच तो पहिला घड उचलायला वाकला.

ऑफिसातल्या फाइलीत ते गुणपत्रक आहे.
पंधरा नंबरच्या नावापुढे गुणांची जागा कोरी,
पुढच्या चौकटीत एक फाउल, निळ्या शाईत.
त्या वर्षात मी होतो याला
दुसरा पुरावा नाही.

बूट आहेत अजून.
गुमानने धुऊन, वर्तमानपत्र भरून परत दिले.
उजवा मला करंगळीशी सैल होतो,
तिथे तो अजून
त्याच्या पायाचा आहे.